गोदाक्काची मूठ

"कासारा, तू भरलेल्या बांगड्या तूच उतरव. न्हाईतर मी वाढवतो," ज्ञानू म्हणाला आणि त्यानं पाट्यावरचा वरवंटा उचलला.

अंगणात घोंगडीवर गोदाक्का होती. त्या दिवशी न्याहारीच्या वेळेला गेली. बासष्ट वर्षांची बाई, पण दुखण्यानं अशी आटली होती, की घोंगडीवर नुसतं लुगडं पसरलंय असं वाटावं. दोन्ही हात छातीवर ठेवलेले आणि हातांत डझन-डझन हिरवा चुडा. आदल्याच दिवशी मी भरलेला. त्यावर उन्हाची तिरीप पडली, की बघवत नव्हतं.

"लाव बरं हात," बयाक्का म्हणाली. ही गावातली सगळ्यात म्हातारी सवाष्ण. कुंकवाचा करंडा मांडीवर घेऊन ती उशाशी बसली होती. तिच्या मागं पंधरा-वीस बायका. एकीच्या हातात हिरवं लुगडं, एकीच्या हातात खण-नारळ. "सवाष्ण बाई मेलीया. मळवट भरून, हिरवं नेसून जाईल. वरवंटा ठेव खाली, ज्ञानू."

"सवाष्ण!" ज्ञानूचा आवाज फाटला. "बेचाळीस वरसं झाली माझा भाऊ घरातनं गेल्याला. कुठं हाय हिचा नवरा? दाखवा की मला!"

"येसबानं बघितला व्हता."

असं कोण म्हणालं ते कळलं नाही, पण सगळं अंगण माझ्याकडं वळलं.

आता हा येसबा म्हणजे मीच. जात कासाराची, धंदा बांगड्यांचा आणि ख्याती थापांची. माझ्या आज्यानं एका वाघिणीला चुडा भरला होता आणि एक बांगडी सैल झाली म्हणून ती बदलून न्यायला परत आली होती, ही गोष्ट मी सात गावांत सांगितली आहे, आणि सातही गावांत वाघिणीची उंची वेगवेगळी आहे. कुणाची म्हैस हरवली, तर लोक आधी मला विचारत, आणि मी सांगेन त्याच्या उलट दिशेला शोधायला जात. म्हशी सापडत. आता नव्वदीला टेकलोय, पण त्या दिवशी मी चौपन्न वर्षांचा होतो आणि त्या अंगणात मला पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला जन्मतः जीभ नसती तर बरं झालं असतं.

कारण सुबानाला मी बघितलाच नव्हता.

सुबाना म्हणजे गोदाक्काचा नवरा, ज्ञानूचा थोरला भाऊ. बापाशी भांडण झालं, खांद्यावर घोंगडी टाकून गेला तो गेलाच. आमच्याकडं रीत अशी, की बारा वर्षं वाट बघायची. मग माणूस गेला असं धरून गवताचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि बायकोचं कुंकू उतरवायचं. बारा वर्षं सरली. मी चोवीस वर्षांचा, पाठीवर बांगड्यांचं गाठोडं घेऊन याच अंगणात शिरलो, तर मधोमध गवताचा माणूस निजलेला, डोक्याला मुंडासं बांधलेला. त्याच्या शेजारी पाट्यावर मनगटं टेकून एक बत्तीस वर्षांची बाई बसलेली. रडत नव्हती. ती नुसती आपल्या बोटांकडं बघत होती.

मला तिची दया आली, असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. ते खोटं आहे. जिभेला खाज सुटली, हे खरं.

"अहो, हे काय करताय?" मी म्हणालो. "सुबाना तर मला चिंचलीच्या जत्रेत भेटला! परवाच्या माघात. अंगात लाल बंडी, हातात दोरी, दोरीला काळा एडका. म्हणाला, आईला सांग, मी खुशाल हाय."

लाल बंडी कुठून आली, एडका कुठून आला, मला काय ठाऊक! पण सासूनं तिथल्या तिथं पुतळ्याचं मुंडासं सोडलं आणि गवत गोठ्यात नेऊन टाकलं. संध्याकाळपर्यंत बैलांनी सुबानाला खाऊन टाकला. मला पुरणपोळी मिळाली. गोदाक्कानं वाढली. वाढताना तिनं माझ्याकडं असं बघितलं, की घास दोन मिनिटं तोंडातच राहिला.

थाप मारायला क्षण पुरतो, पोसायला जन्म लागतो. ज्ञानू लागोपाठ तीन वर्षं चिंचलीला गेला. जत्रेत काळा एडका दिसला, की त्याच्या मालकाचं तोंड बघायला धावायचा. तिसऱ्या वर्षी पायाला फोड आले होते, ते मी बघितले. म्हणून चौथ्या वर्षी मी सुबानाला साधू केला आणि हिमालयात धाडला, म्हणजे ज्ञानूचे पाय तरी वाचतील.

तर आता तो ज्ञानू वरवंटा घेऊन माझ्यासमोर उभा होता. चौसष्ट वर्षांचा, केस पिकलेले, डोळे लाल.

"पाटील, मी वाईट माणूस न्हवं," तो आप्पा पाटलाला म्हणाला. "वैनीनं मला भाकरी घातलीया. पण माझ्या भावाला अग्नी न्हाई, पाणी न्हाई. आई मरताना माझा हात धरून म्हणाली, ज्ञानू, त्याला वाटंला लाव. आज सोय हाय. हिच्या शेजारी पुतळा ठेवतो, दोघांस्नी एकदम अग्नी देतो. पण ही जर सवाष्ण म्हणून गेली, तर सुबाना जिताच म्हणायचा की! जित्या माणसाला अग्नी कसा देऊ?"

त्याचंही खोटं नव्हतं.

"पण ज्ञानबा," बयाक्का हळू आवाजात म्हणाली, "हिच्या मनगटावर वरवंटा घालणार तू? ह्या हातावर?"

कारण गोदाक्काला गावात कुणी सुबानाची बायको म्हणून ओळखतच नव्हतं. ती मूठवाली. पेरणीला बैलांमागं तिफण चालते, तिफणीवर लाकडी चाडं असतं, आणि त्या चाड्यात मुठीनं बी सोडत बाई मागून चालते. बोटं सैल सुटली तर बी दाट पडतं, आवळली तर विरळ. गोदाक्काची मूठ अशी, की जोंधळा उगवून आला की दोरी धरून लावल्यासारखा दिसायचा. चाड्यावर पहिली मूठ सवाष्णीनं धरायची, नवरा गेलेल्या बाईचा हात चाड्याला लागू द्यायचा नाही, ही रीत. आणि इकडं चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक रानाची पहिली मूठ गोदाक्काची. लग्नघरातल्या हळदीलाही पहिला हात तिचाच.

आप्पा पाटलानं मावळतीकडं बघितलं. "दिवस कासराभर राहिलाय. मयत ताटकळत ठेवायचं न्हाई. येसबा, तुझ्या शब्दावर ही बाई तीस वरसं कुंकू लावत आली. भंडार उचल आणि सांग. बघितला व्हतास, तर हिरवं नेसवू. न्हाई बघितला, तर ज्ञानू म्हणतो तसं. शिदू, जा, भंडार आण."

शिदू गुरव बिरोबाच्या देवळाकडं पळाला.

बिरोबाचा भंडार, म्हणजे देवाची हळद, हातात घेऊन खोटं बोललेल्याचा वंश बुडतो, असं आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. मी देवाबद्दलही बऱ्याच थापा मारल्या आहेत, पण देवासमोर कधी नाही. त्यातून माझी लेक सातव्या महिन्यात माहेरी आलेली. मला आदला दिवस आठवायला लागला.

आदल्या दिवशी दुपारी गोदाक्कानं मला निरोप धाडून बोलावलं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, ज्ञानूच्या घरची सगळी रानात.

"कासारा, दोन्ही हात भर. डझन-डझन."

"आक्का, जत्रा हाय का कुठं?"

"हाय. माझीच."

मी हात मांडीवर घेतला. लहान पोरीचं माप झालं होतं. चार-पाच बांगड्या सरकवल्या असतील, तोवर ती अगदी सहज म्हणाली, "येसबा, चिंचलीत तू त्याला बघितलाच न्हाईस."

माझ्या बोटांतली बांगडी कडकन मोडली. "तुला... तुला कवा कळलं?"

"तू सांगत व्हतास तवाच. सुबाना मरून तवा पाच वरसं झाली व्हती."

कनवटीतून तिनं काहीतरी काढलं आणि माझ्या तळव्यावर ठेवलं. काळ्या दोऱ्यातला तांब्याचा ताईत. "ह्यो सासूबाईंनी दोघा पोरांच्या गळ्यात बांधलेला. एक ज्ञानूच्या, एक ह्यांच्या. घाटात रस्ता फोडायचं काम चाललं व्हतं, दरड आली अंगावर. बरोबरचा एक गडी शोधत-शोधत रानात आला आणि ह्यो देऊन गेला. मी चाड्यावर व्हते. बैल जुपलेले, पेरणीजोगी वापशाची ओल सरत आलेली. ताईत कमरंला खोवला आणि तिफणीचं तास पुरं केलं. रडले ती चाड्यात वाकून. कुणाला दिसलं न्हाई."

"आणि सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर बांगड्या गेल्या असत्या. बांगड्यांचं काय रं, त्या मोडतातच. तुझ्याच हातात बघ की मोडली. पण मूठ गेली असती. कोपऱ्यात बसून लोकांचं दळण दळलं असतं. नवरा माझ्यापाशी चार वरसं नांदला, येसबा. मूठ चाळीस वरसं." ती जरा थांबली, दम लागला होता. "त्या दिशी पाट्यावर हात ठेवून बसले व्हते, आणि तू आलास लाल बंडी घेऊन. मनात म्हणलं, देव असला तर असाच थापाड्या असंल."

मी मोडलेल्या बांगडीचे तुकडे वेचायला लागलो.

"एकच टोचतं," ती म्हणाली. "ज्ञानूला आपण दोघांनी फिरवला. एडक्यांची तोंडं बघत हिंडला बिचारा. त्याला कळू दे आता. माझ्यात धमक न्हाई. मूठ मिटाय येती मला, उघडाय येत न्हाई. तू दे त्याला हे."

"आणि तुझ्या बांगड्या?"

"काय व्हायचं ते हुईल. यंदाची पेरणी झाली माझी."

"मग आज चुडा कशाला भरतीस?"

"हौस," गोदाक्का म्हणाली. "हा कुणाच्या नावाचा न्हाई. माझा मी भरलाय. हळू सरकव, हाड लागतं."

शिदू गुरव डबा घेऊन आला, तेव्हा माझ्या मुठीत तोच ताईत होता. उजवी मूठ तशीच ठेवून मी डाव्या हाताकडं बघितलं. डाव्या हातानं भंडार कसा उचलायचा? ताईत डावीकडं घेतला आणि उजव्या हातानं पिवळी चिमूट उचलली.

"बोल," पाटील म्हणाले.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो. "सुबाना मला भेटला न्हाई. चिंचलीत न्हाई, कुठंच न्हाई. लाल बंडी न्हाई, एडका न्हाई. थाप मारली."

बयाक्काच्या हातातला करंडा कलंडला.

ज्ञानू पुढं झाला. गुडघे टेकून खाली बसला, गोदाक्काचा हात उचलला आणि पाट्यावर ठेवला. बांगड्या वाजल्या. त्यानं वरवंटा वर नेला. मी डोळे मिटले. असा आवाज मी जन्मभर टाळत आलोय. कुणाच्या दारी हा प्रसंग असला की कासार त्या गल्लीनं जात नाही.

"थांब जरा, ज्ञानू," बायकांच्या पलीकडं उभा असलेला तुका माने म्हणाला. "म्हंजे... मग ही कवापासनं नवरा मेलेली?"

"ते कुणाला ठावं! तीस वरसं तर झालीच."

"तीस वरसं," तुका म्हणाला. त्याचं तोंड उतरलं. "माझ्या नव्या विहिरीखालचं रान... पहिली मूठ हिचीच की."

"माझ्या माळाचंबी," दुसरा म्हणाला.

"आमच्या पोरीच्या हळदीला..." एक बाई बोलता बोलता थांबली आणि तिनं तोंडावर पदर घेतला.

मग सगळेच मोजायला लागले. कुणी मोठ्यानं, कुणी मनात. पाटलांनी आपल्या तिन्ही लेकांची लग्नं आठवली असावीत, कारण त्यांनी फेटा काढून घाम पुसला. अंगणाच्या कुडाबाहेर जोंधळा उभा होता, गुडघाभर, सरळ ओळींत. बघावं तिकडं तिची मूठ.

"सगळा गाव बाटवला की हिनं!" मागून एक आवाज आला. त्याला दुसरा जोडला, "असली बाई गावच्या मसणात कशाला न्यायची? ओढ्यापल्याड टाका!" दोन-तीन माणसं पुढं सरकली. बायका उठून उभ्या राहिल्या. बांगड्या जातील एवढीच भीती होती. इथं तर माझ्या एका खऱ्या बोलण्यानं बाईला सरणही मिळेना. थापेनं तिला तीस वर्षं जगवलं आणि खऱ्यानं अर्ध्या घटकेत गावाबाहेर काढलं. तो बोललेला शब्द गिळता आला असता, तर मी भंडाऱ्यासकट गिळला असता.

आणि बयाक्का कडाडली, "खोटं बोलतोय मुडदा!"

सगळे थबकले.

"माझं नातवंड हिच्या हातच्या जोंधळ्यावर वाढलं. तुझी बैलं, तुझी, तुझीबी, हिच्याच कडब्यावर पोसली. नवरा गेलेल्या बाईच्या मुठीनं असं पिकतं का? सांगा की! तुम्हीच म्हणता न्हवं, पिकत न्हाई म्हणून? म्हंजे सुबाना जिता हाय. आणि ह्यो येसबा, ह्यो जन्मात कवा खरं बोलला का, ते आजच बोलंल?"

"पण भंडार उचललाय त्यानं," तुका चाचरत म्हणाला.

सगळ्यांनी शिदू गुरवाकडं बघितलं. शिदू हातातल्या डब्याकडं बघत होता. देवाच्या रानाची पहिली मूठही गोदाक्काची, आणि त्याच जोंधळ्याचा निवद तो रोज बिरोबाला दाखवत होता. त्यानं डबा नाकाशी नेला, वास घेतला, चेहरा कसनुसा केला.

"पाटील, घोटाळा झाला," तो म्हणाला. "गडबडीत देवाचा डबा ऱ्हायला. ही आमच्या घरातली हळद हाय. कालवणाची."

कालवणाच्या हळदीवर शपथ होत नाही. हे शास्त्र मला त्या दिवशी कळलं. पाटलांनी फेटा परत बांधला आणि घसा साफ केला. "तर मग ठरलं. येसबा थापाड्या हाय हे गावाला ठाऊकच हाय. आज मयताच्या दारातसुद्धा त्याची खोड गेली न्हाई. बायांनो, उरका."

उरला एकटा ज्ञानू. तो अजून पाट्यापाशीच होता, वरवंटा तसाच हातात. त्याला ना रानाशी घेणं, ना निवदाशी. तो माझ्याकडं बघत होता. एवढ्या माणसांत मी खरं बोललो हे कळलेला तो एकच माणूस. त्यानं मान हलवली असती, तर गोष्ट पुन्हा पेटली असती.

मी डावी मूठ थोडी उघडली. त्याच्यापुरतीच.

काळा दोरा बघितला त्यानं. त्याचा स्वतःचा हात गळ्याकडं गेला, बंडीच्या आत, तिथल्या तांब्यापाशी. मग त्यानं वरवंटा खाली ठेवला, बाळ निजवावं तसा, आवाज न करता.

"थापाड्या लेकाचा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चुडा ऱ्हाऊ द्या वैनीच्या हातात."

गोदाक्काला हिरवं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. बायकांनी तिच्या कपाळाचं कुंकू बोटानं घेऊन आपापल्या कपाळाला लावलं. पुढं ज्ञानूनं खांदा दिला. त्याच्या शेजारचा खांदा मी दिला. वाट जोंधळ्यातून होती. पानं दोन्ही बाजूंनी तिरडीला घासत होती. पुढची माणसं देवाचं नाव घेत होती, त्या आवाजात ज्ञानू मान न वळवता म्हणाला,

"कुठं?"

"घाटात. रस्त्याच्या कामावर. दरड आली."

"कवा?"

"घरातनं गेल्यावर सात वरसांनी."

त्यानं तिरडीचा दांडा सावरला. "म्हंजे चिंचलीला मी हिंडत व्हतो तवा..."

"व्हय."

"वैनीला ठावं व्हतं?"

आधी एक थाप आलीच होती ओठांवर, चांगली बेतलेली. पण ती जोंधळ्याची पानं आणि खांद्यावरचं ते नसल्यासारखं वजन. "व्हय," मी म्हणालो. "तुझ्यापुढं तोंड उघडायला तिला धमक झाली न्हाई. तिनंच ताईत दिला, तुला द्याय सांगितलं."

ज्ञानूनं खांदा बदलला नाही. मसणवाटीपर्यंत तोच खांदा.

सरण रचलं. लाकडं ठेवता ठेवता त्यानं माझ्यापुढं हात केला आणि मी ताईत दिला. गोदाक्काची ओटी सारखी केल्यासारखं करून त्यानं तो खणाखाली सरकवला. मग अग्नी दिला. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन तीन फेरे घातले, मडकं मागं टाकून फोडलं आणि रीतीप्रमाणं तोंडावर पालथा हात मारून बोंब मारली.

माणसं परतायला वळली.

ज्ञानू वळला नाही. मातीत बघत जरा उभा राहिला. मग त्यानं पुन्हा तोंडावर हात नेला आणि दुसरी बोंब मारली. पहिलीपेक्षा मोठी. बेचाळीस वर्षं छातीत धरून ठेवलेली असावी अशी.

"म्हाताऱ्याला भान न्हाई ऱ्हायलं," पाटील हळूच म्हणाले. "येकदा मारली, परत मारतोय. का रं येसबा?"

"दुःखात व्हतंय असं," मी म्हणालो.

त्या दिवसभरात मी मारलेली तेवढी एकच थाप.